गावच्या प्रेक्षकाला गोष्ट कळते

'वॉर २' हा हिंदी हेरपट लागला १४ ऑगस्ट २०२५ ला. पोळा आठवड्यावर आला होता, सोयाबीन अजून शेतात उभं होतं आणि शेतकऱ्याच्या घरात पैसा नव्हता. वर्षातले हे सगळ्यात कोरडे दिवस. तरीही आमच्याकडची पोरं तालुक्याच्या टॉकीजला गेली, ज्यांच्या तालुक्यात टॉकीज उरली नाही ती चंद्रपूर, अमरावती, नागपूरला गेली. हृतिक रोशनचा कबीर परत येणार होता, समोर तेलुगू नट एनटीआर ज्युनियर होता, आणि २०१९ चा पहिला 'वॉर' या पोरांना प्रसंगासकट पाठ होता. परत आली ती हिरमुसून. "पयल्या भागात डोकं लावा लागे, यात फक्त डोळे लावा लागते," असं त्यांच्यातला एक म्हणाला. मी त्या चित्रपटाबद्दल नंतर बरंच वाचलं, पण दुखणं इतकं नेमकं कुणी सांगितलेलं मला दिसलं नाही.

चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही, हे आता सगळेच मान्य करतात. कारणंही दिली जातात. त्याच दिवशी रजनीकांतचा 'कुली' लागला, गर्दी वाटली गेली. हेरपट फार झाले, लोक कंटाळले. संगणकावर केलेली दृश्यं कच्ची निघाली. यातलं काहीच खोटं नाही. पण या कारणांच्या मागे एक समजूत दडलेली आहे आणि माझं भांडण तिच्याशी आहे. ती समजूत अशी की लहान गावांतल्या, पडदा एकच असलेल्या टॉकीजमधल्या प्रेक्षकाला गोष्ट लागत नाही. त्याला मोठा नट दाखवा, जग फिरवा, गाड्या उडवा, तो शिट्ट्या मारत घरी जातो. 'मास' हा शब्द आमच्यासाठी वापरला जातो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो. मला वाटतं, 'वॉर २' पडला तो या समजुतीमुळे, आणि ही समजूत सुटली नाही तर पुढचे भागही पडतील.

पहिला भाग काय होता ते आठवून पाहा. मारामाऱ्या त्यातही भरपूर होत्या, देशोदेशीची दृश्यं होती, दोन देखणे नट होते. पण त्याचा कणा होता खालिद. खालिदचा बाप सैन्यातला गद्दार, त्याला कबीरनेच गोळी घातलेली. गद्दाराचा मुलगा म्हणून वाढलेला हा पोरगा त्याच कबीरच्या पथकात यायला धडपडतो. आई घरी वाट पाहते. कबीर त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नसतो आणि प्रेक्षकही अर्धवट संशयातच असतो. पुढे कळतं की आपण ज्याला खालिद समजत होतो तो खालिद नव्हेच, त्याचा चेहरा चढवलेला, पथकातलाच गद्दार सौरभ आहे, आणि खरा खालिद कधीच मारला गेला आहे. ज्याच्यावर बापाच्या पापाचा डाग होता तो पोरगा शेवटपर्यंत इमानदार होता. ही गोष्ट अतर्क्य आहे, शस्त्रक्रियेने असा चेहरा बदलत नाही, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण तिने जो प्रश्न विचारला तो खरा होता: माणसाला त्याच्या घराण्यावरून तोलायचं की त्याच्या करणीवरून? आमच्या गावांमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. लग्न जुळवताना तो येतो, कर्ज मागताना येतो, पंचायतीच्या निवडणुकीत तर येतोच येतो. खालिद आमच्या पोरांना आवडला तो त्याच्या दंडांसाठी नव्हे.

आता दुसरा भाग. यातही एक जबरदस्त प्रसंग आहे आणि तो वाया गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. शत्रूच्या टोळीत शिरायचं तर विश्वास पटवून द्यावा लागतो, आणि त्यासाठी कबीरला कर्नल लुथ्रांना मारावं लागतं. लुथ्रा म्हणजे त्याला घडवणारा माणूस, बापाच्या जागी असलेला. देशासाठी गुरूला स्वतःच्या हाताने मारायचं आणि पुन्हा देशाच्या नजरेत गद्दार म्हणून जगायचं. या एका गाठीवर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. लुथ्रांची मुलगी काव्या हवाई दलात अधिकारी, कबीरशी तिचं जुनं प्रेम. बाप कुणी मारला हे तिला ठाऊक आहे. याहून अधिक काय लागतं लेखकाला? पण चित्रपट त्या मृत्यूपाशी थांबतच नाही. जपानमधली तलवारबाजी, मग गाड्या, आगगाडीचं छप्पर, समुद्र, विमान, बर्फाची गुहा. काव्याच्या दुःखाला चार प्रसंग मिळतात आणि गाण्याला तिचं अंग मिळतं. कबीर आणि एनटीआर ज्युनियरचा विक्रम लहानपणचे मित्र निघतात, एकाला संधी मिळाली आणि दुसरा मागे राहिला, ही तर आमच्या प्रत्येक गावातली कहाणी. एक शिकून पुण्याला गेला, दुसरा शेतात राहिला. दोघं समोरासमोर आले की काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. तीही घाईत उरकली आहे. जवळपास तीन तासांच्या चित्रपटात वेळ नव्हता असं कोण म्हणेल?

सिरोंचा, राजुरा या तेलंगणाला लागून असलेल्या भागात एनटीआर ज्युनियर हा परका नट नाही. तिथे तेलुगू बोलली जाते, तेलुगू चित्रपट पाहिले जातात. त्या प्रेक्षकाला आपला नट हिंदीत पहिल्यांदाच कसा दिसतो याची फार उत्सुकता होती. त्याला मिळाली एक तगडी प्रवेशाची मारामारी आणि अर्धवट लिहिलेला माणूस.

हेरपट हा इतर मारधाडपटांपेक्षा वेगळा असतो तो एकाच गोष्टीने. त्यात कोण आपलं आणि कोण परकं हे कळत नाही. ती शंका हाच त्याचा प्राण. आणि आता मी जे म्हणतो आहे ते जरा सावकाश वाचावं अशी विनंती आहे. विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांनी ही शंका चाळीस वर्षं भोगली आहे. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्याला मारल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. उलट्या बाजूने, जंगलातल्यांना जेवण दिलं म्हणून चौकशीला जाणारेही गावकरीच. रात्री दारात कोण आलं, दुकानात कोण काय बोललं, कोणाच्या घरी नवीन मोटारसायकल कुठून आली, या साध्या गोष्टींनी माणूस जिवाला मुकू शकत होता. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. पहिला 'वॉर' त्यानंतर पाच महिन्यांनी, २ ऑक्टोबरला लागला. ज्या मुलखातल्या माणसांनी हेरगिरी म्हणजे काय असतं ते इतक्या जवळून पाहिलं, त्यांना हेरपटातली शंका समजणार नाही, फक्त स्फोट समजेल, असं मुंबईत बसून ठरवणं हा मला शुद्ध अपमान वाटतो.

आणि स्फोटाचंही असंच आहे. वर्ध्याजवळ पुलगावला लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. अधिकारी, जवान, आग विझवायला धावलेले कर्मचारी त्यात गेले, आजूबाजूच्या गावांतली माणसं रात्रीच घरं सोडून बाहेर पडली. भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध कारखान्यात २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, आठ कामगार दगावले. भद्रावतीला, नागपूरच्या अंबाझरीला असेच कारखाने आहेत. विदर्भात दारूगोळा ही पडद्यावरची वस्तू नाही. कुणाचा भाऊ तिथे कामाला आहे, कुणाचा जावई. स्फोटानंतर कानात काय राहतं आणि गावात काय राहतं हे इथल्या माणसाला कळतं. म्हणून पडद्यावर एकामागून एक दहा स्फोट झाले, कुणालाच काही झालं नाही आणि नायकाच्या कपाळावर नुसता ओरखडा आला, की तो मागे रेलून बसतो. त्याला त्यात भय वाटत नाही. भय वाटलं नाही तर सुटकाही वाटत नाही.

दुसरा दोष या मालिकेच्या बांधणीत आहे. २०१२ च्या 'एक था टायगर'पासून सुरू झालेले वेगवेगळे चित्रपट २०२३ च्या 'पठाण'नंतर एकाच कुटुंबात उघडपणे बसवले गेले. 'पठाण'मध्ये टायगर येतो, 'टायगर ३' मध्ये पठाण येतो, आणि 'टायगर ३' संपल्यावर, नावांची पाटी सरकत असताना, लुथ्रा कबीरला पुढच्या कामगिरीची कल्पना देतात. म्हणजे 'वॉर २' ची खरी सुरुवात दुसऱ्याच चित्रपटाच्या शेपटीला जोडलेली. ज्याने 'टायगर ३' पाहिला नाही त्याने काय करावं? आणि ज्याने पाहिला त्यानेही तो शेवट पाहिला असेलच असं नाही. गावाकडच्या माणसाला मुक्कामी गाडी गाठायची असते. नावं सुरू झाली की तो उठतो, कारण स्टँडवरून गाडी सुटली तर रात्र तिथेच काढावी लागते. टॉकीजवालाही तेवढ्यात दिवे लावतो, दारं उघडतो. पुढच्या भागाचा दुवा अशा जागी ठेवणाऱ्यांनी आमचा विचार केला नव्हता. तिकिटाचे पैसे मात्र आमच्याकडून पूर्ण घेतले.

'वॉर' ते 'वॉर २' सहा वर्षं गेली. घाईमुळे गोष्ट कच्ची राहिली असं म्हणायला जागा नाही. ती वर्षं एका चित्रपटाला दुसऱ्याशी, दुसऱ्याला तिसऱ्याशी जोडण्यात गेली. साखळी तयार झाली, कड्या पोकळ राहिल्या.

दुसरे भाग चांगले होतच नाहीत, असं नाही. याच मालिकेतला 'टायगर जिंदा है' घ्या, २०१७ चा. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितला ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. त्या सुखरूप परत आल्या. त्या घटनेवरून त्या चित्रपटाची कल्पना घेतली होती. मला तो फार थोर चित्रपट वाटत नाही, त्यातही अशक्य मारामाऱ्या आहेत. पण त्याला एक काम होतं, आणि ते पहिल्या अर्ध्या तासातच प्रत्येकाला कळलं: पोरींना घरी आणायचं. आमच्या भागातल्या किती घरांतल्या मुली परिचारिकेचं शिक्षण घेऊन नागपूर, मुंबई, आखातापर्यंत गेल्या आहेत! त्या घरांतल्या आया-मावशी तो चित्रपट पाहताना रडल्या. नायक कुठल्या विश्वातला आहे याची त्यांना पर्वा नव्हती.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर बाँडचं. २००६ चा 'कसिनो रॉयल' लोकांनी डोक्यावर घेतला. त्याचा पुढचा भाग 'क्वांटम ऑफ सोलेस' २००८ मध्ये आला आणि तो फिका पडला. हॉलिवूडच्या लेखकांचा संप नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ चालला होता, पटकथा पूर्ण झाली नव्हती, तरी चित्रीकरण सुरू झालं. बाँडपटांतला हा सगळ्यात आखूड चित्रपट, १०६ मिनिटांचा, आणि त्यात मारामाऱ्या मात्र खच्चून. पुढचा 'स्कायफॉल' चार वर्षांनी, २०१२ मध्ये आला. त्यात एक म्हातारी होत चाललेली अधिकारी आणि तिने वाऱ्यावर सोडलेला तिचा जुना हेर समोरासमोर येतात. लेखकाला वेळ आणि मान मिळाला, माणसं पुन्हा माणसं झाली, प्रेक्षक परत आला. याहून सोपा पुरावा कोणता हवा?

पण मला मुंबईच्या निर्मात्यांना लंडनपर्यंत न्यायचं नाही. त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला यावं. दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. मंडईची जत्रा असो, शंकरपटाची बैलशर्यत असो, गावातलं मंडळ कंपनीला सुपारी देतं, तिकीट लावतं, रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. थंडीत शाल गुंडाळून, पोरं मांडीवर घेऊन, हजारो माणसं बसतात. झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरांतल्या अनेकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. या नाटकांत नाच असतो, विनोद असतो, भडकपणाही असतो, मी ते लपवत नाही. पण गोष्ट नसलेलं नाटक पहाटे चारला कुणी पाहत नाही. माणसं उठून जातात. आणि ज्या कंपनीने एका गावाला फसवलं तिची खबर सकाळी शेजारच्या गावात पोचलेली असते. पुढच्या वर्षी मंडळ दुसऱ्या कंपनीकडे जातं. नट तेच, गावं तीच, तरी दर हंगामाला नवी संहिता लागते, कारण तेच नाटक पुन्हा आणलं तर लोक तिकीट काढत नाहीत. ज्या प्रेक्षकाला 'मास' म्हणून गोष्टीतून वगळलं जातं तो प्रेक्षक असा आहे. रात्रभर बसून गोष्ट ऐकण्याची सवय असलेला माणूस या देशात आता किती ठिकाणी उरला आहे?

चित्रपटाच्या धंद्यात ही जाब विचारण्याची सोय पूर्वी थोडीफार होती. या व्यवसायात आमच्या मुलखाला आजही सी. पी. बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणतात. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, राज्यांच्या सीमा बदलल्या, पण वितरकांच्या वहीत शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या काही भागासह आम्ही अजून जुन्या प्रांताच्या नावानेच आहोत. अमरावतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. चित्रपटाच्या रिळांच्या पेट्या आधी मोठ्या शहरांत फिरायच्या, मग महिना-दोन महिन्यांनी तालुक्याला यायच्या. उशीर व्हायचा, पण तोवर नागपूरला गेलेला माणूस सांगून गेलेला असायचा की चित्रपट कसा आहे. पडलेला चित्रपट टॉकीजवाला घेतच नसे. आता उपग्रहावरून चित्रपट सगळीकडे एकाच दिवशी पोचतो. ही चांगली सोय आहे, तिच्याविरुद्ध मी नाही. पण तिचा फायदा घेऊन हिशेबच असा मांडला गेला की शुक्रवार ते रविवार, लोकांच्या कानावर काही जायच्या आत, वसुली व्हावी. या हिशेबात नावापुढचा दोनचा किंवा तीनचा आकडा फार उपयोगी पडतो, कारण पहिल्या भागाच्या प्रेमापोटी माणूस विचारपूस न करता तिकीट काढतो.

आणि ते तिकीट कुणाला किती पडतं हेही एकदा मांडू या. मुंबई-पुण्यातल्या घराला चित्रपट आवडला नाही तर एक संध्याकाळ वाया जाते. आमच्याकडे चौघांचं कुटुंब जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्सला जायचं म्हणजे गाडीभाडं किंवा पेट्रोल, तिकिटं, पोरांचं खाणं मिळून हजार-दीड हजार सहज उठतात. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून पाच टक्क्यांवर आला, पण मल्टिप्लेक्समध्ये मोठ्या चित्रपटाचं शंभराच्या आतलं तिकीट पहिल्या आठवड्यात कुठे मिळतं? सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला आणि बाजारात शेतकऱ्यांना त्याहून कमीच मिळाला. म्हणजे एका चित्रपटाला एका घराचं पाव क्विंटलहून जास्त सोयाबीन जातं. "मनोरंजनच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं," असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून बोलावं. मनोरंजन आहे म्हणूनच मनावर घ्यायचं. वर्षातून दोनदा-तीनदाच ज्याला घरच्यांना घेऊन असा खर्च करता येतो, त्याला त्या तीन तासांत अर्धवट माल देणं ही गैरवागणूक आहे. दुसऱ्या कुठल्या व्यवहारात आपण ती सहन केली नसती.

म्हणून मला दोघांना सांगायचं आहे. अमरावती-नागपूरच्या वितरकांनी आणि तालुक्याच्या टॉकीजमालकांनी मुंबईला फक्त गल्ल्याचे आकडे कळवू नयेत. मध्यंतरानंतर किती लोक उठून गेले, कुठल्या प्रसंगाला टॉकीज शांत झाली, कुठे लोक मोबाइल काढून बसले, हे त्यांना दारात उभं राहून दिसतं; तेही कळवावं, आणि पुढच्या भागाची आगाऊ हमी-रक्कम देण्याआधी गोष्ट काय आहे हे विचारावं. तो त्यांचा हक्क आहे. आणि आमच्या पोरांनो, तुम्हाला हेर आवडतात, कबीर आवडतो, आवडू द्या. मीही पुढचा भाग पाहणार आहे. पण त्याचं तिकीट शुक्रवारी काढू नका. शनिवार-रविवार जाऊ द्या, ज्याने पाहिला त्याला गोष्ट विचारा. त्याला ती सांगता आली तर सोमवारी जा.